हे बरं की ते?

गनपावडर रोडवर माझं चष्म्याचं दुकान.
तिथे एका मंगळवारी ती आली,
बाह्या दुमडलेला निळा बॉयलर सूट, नखांत काळं.
गोदीत जहाजाचे वेल्डिंगचे सांधे तपासायची.
मुर्मान्स्कची. रिम्मा अर्कादियेव्हना.
मी तक्त्यावर काठी ठेवली.
एचला ती म्हणाली, एन.
पीला एर. सीला एस. बीला सरळ वे.
मी पाव चढवला, अर्धा, पाऊण,
काच बदलत विचारत राहिलो, हे बरं की ते?
सव्वा नंबरावर डोळ्यांतून पाणी आलं बाईच्या,
तरी एचचा एनच.
शेवटी तिने पावतीच्या पाठीवर लिहून दाखवलं:
तिच्याकडे ही अक्षरं अशीच दिसतात,
बोलतात वेगळी.
डोळे ठणठणीत होते.
तीस वर्षांचा धंदा माझा,
आणि मी लिपीला नंबर लावत बसलो होतो.

पैसे घेतले नाहीत. तर म्हणाली,
मग इंग्रजी शिकवा, सहा आठवड्यांनी परीक्षा आहे.
मला हसू आलं. मी परळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतला,
ए बी सी डी पाचवीत पाहिली,
तीही फळा पुसता पुसता.

संध्याकाळी साडेसात.
फ्रेम लावून बघायच्या आरशासमोर
दोघं जीभ दातांत धरून.
ती: झिस.
मी: धिस.
आपल्यात जीभ चावली म्हणजे
बोलू नये ते बोलून गेलो.
इथे जीभ चावल्याशिवाय
साधं 'हे' म्हणता येत नाही.
शेजारचा रामसजीवन इस्त्री सोडून
दोनदा काचेतून डोकावून गेला.

वेस्ट आणि व्हेस्ट, एक दिशा, एक बनियन,
आम्हा दोघांकडे मिळून एकच व.
हळबे तिला म्हणता येईना, मी खल्बे झालो.
पण चमचा म्हणाली, काय स्वच्छ!
आणि चार म्हणताना च बदलला, आपोआप,
जो माझ्या इंदूरच्या सुनेला
नऊ वर्षांत जमलेला नाही.

अडलं ते 'अ' आणि 'द'पाशी.
तिची भाषा नुसतं जहाज म्हणते, नुसता सूर्य.
आपलीही.
मी सवयीने विचारायचो,
अ शिप, द शिप. हे बरं की ते?
ती म्हणायची, शिप दिसतंय ना. पुरे.

चौथ्या आठवड्यात 'माझ्याकडे आहे'चा धडा.
आय हॅव हजबंड, ती म्हणाली.
अ हजबंड, मी म्हटलं.
ती थांबली. स्क्रू ठेवायच्या डबीचं झाकण
उघडलं, लावलं.
मग म्हणाली, हॅड.
आणि मी, सवयच वाईट, हळूच दुरुस्त केलं:
हॅड अ हजबंड.
तिने मान हलवली.
अ म्हणजे कोणीतरी एक.
तो कोणीतरी नव्हता.
मग द?
व्याकरणात बसत नाही, मी म्हणालो.
मराठीत 'एक' लावून पाहिलं मनातल्या मनात,
तर एक होता राजा,
गोष्टच सुरू व्हायला लागली.
ते वाक्य मग आम्ही तसंच ठेवलं,
आय हॅड हजबंड,
मधल्या रिकाम्या जागेसकट.
मी लाल शाईने बरोबरची खूण केली.

परीक्षेत एकसष्ट मिळाले. जहाज निघालं, ती गेली.
सव्वा नंबराचा तो चुकीचा कागद
ड्रॉवरमध्ये आहे अजून, दोऱ्यांच्या खाली.

काल एक पोरगा आला आईबरोबर,
आठ-नऊ वर्षांचा, एक डोळा हाताने झाकून
टाचा उंच करून उभा.
मी काठी ठेवली.
पी, तो म्हणाला, खणखणीत.
आणि माझ्या तोंडून गेलं,
नीट बघ.